बाथटब की मोठा शॉवर? न्हाणीघर नव्यानं करताना आधी हे तपासा

जुनं घर दुरुस्तीला काढलं की स्वयंपाकघराच्या खालोखाल चर्चा होते ती न्हाणीघराची. खानापूरकडचं कौलारू घर असो, म्हापशातला चिऱ्यांचा बंगला असो, इंदूरच्या राजवाड्याजवळचं जुनं घर असो की हैदराबादचा फ्लॅट, वाद सगळीकडे सारखाच. तरुण मंडळींना टब हवा असतो, आजी-आजोबांची बादली-तांब्याशिवाय आंघोळ होत नाही, आणि गवंडी-प्लंबर 'तुम्ही सांगाल तसं' म्हणून मोकळे होतात. शेवटी दुकानातला नमुना किंवा मोबाईलवरचा फोटो बघून निर्णय होतो. पण एकदा फरशी बसली की पुढची पंधरा-वीस वर्षं कुणी ती उखडत नाही. तेवढ्या काळात घरातली पन्नाशीची माणसं सत्तरीला पोचतात.

थोडक्यात उत्तर असं : घरात एकच न्हाणीघर असेल, वयस्कर माणसं असतील किंवा पाणी रोज येत नसेल, तर टबाच्या नादी लागू नये. उंबरा नसलेली, मोकळी, सपाट शॉवरची जागा करावी आणि तिथेच बादलीचा नळही ठेवावा. टब म्हणजे चूक नव्हे. पण त्यासाठी पाणी, गरम पाण्याचा साठा, मजबूत स्लॅब आणि दुसरं न्हाणीघर, या चारही गोष्टी हाताशी हव्यात.

पाण्याचा हिशोब

साधा ५ फुटी टब अंग बुडेल इतका भरायला १५० ते २०० लिटर पाणी लागतं. मोठ्या टबाला ३०० लिटरही लागतात. घरातली बादली १५ ते २० लिटरची असते. म्हणजे दोन बादल्यांची ऐसपैस आंघोळ ४० लिटरच्या आत आटोपते. आपल्याकडे सांडपाण्याची गटारव्यवस्था असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं जातं. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणी-भांडी, संडास सगळं आलं. एकदा टब भरला की एका माणसाचं दिवसाचं पाणी संपून वर उसनं घ्यावं लागतं.

शॉवर म्हटला की पाणी वाचलंच, असं मात्र नाही. साध्या शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी पडतं. पाच मिनिटांत ५० लिटर. छताला लावायचा रुंद 'रेन शॉवर' मिनिटाला १५ ते २० लिटर ओततो. त्याखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर टबाइतकंच पाणी गेलं. म्हणून 'मोठा शॉवर' याचा अर्थ मोठी जागा असा घ्यावा, मोठी चाळणी असा नव्हे. दुकानात घेताना खोक्यावर मिनिटाला किती लिटर लिहिलंय ते बघावं. ६ ते ८ लिटरचा हँड शॉवर रोजच्या आंघोळीला पुरतो.

पाणी कुठून येतं तेही लक्षात घ्यावं. बेळगावला राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी मिळतं. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून पंपानं उचलून आणावं लागतं. ग्वाल्हेरची भिस्त तिघरा जलाशयावर आहे, तर वडोदऱ्याला महीसोबत आजवा सरोवराचा आधार आहे. पाऊस लांबला की यातल्या कुठल्याही गावात पाण्याच्या वेळा कमी होऊ शकतात. मग टँकर मागवून टब कुणी भरत नाही. टबात कपडे भिजत पडतात, नाहीतर पाणी साठवायला त्याचा हौद होतो.

गिझर पुरेल का?

टब घेणारे बहुतेक जण इथेच फसतात. आंघोळीचं पाणी साधारण ४० अंशांचं लागतं. नळाचं पाणी २५ अंशांचं आणि गिझरमधलं ६० अंशांचं धरलं, तर २५ लिटरच्या गिझरमधून गार पाणी मिसळून जेमतेम ५८ लिटर कोमट पाणी मिळतं. २०० लिटरच्या टबाला असे साडेतीन गिझर लागतात. २ किलोवॅटच्या गिझरला एकदा तापायला अर्धा तास लागतो. चौथा गिझर तापेपर्यंत आधी सोडलेलं पाणी निवलेलं असतं.

विजेचं गणितही असंच आहे. २०० लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला साडेतीन युनिट वीज लागते. ५० लिटरच्या शॉवरला एक युनिटही लागत नाही. बादलीभर आंघोळ अर्ध्या युनिटच्या आसपास होते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत नळाचं पाणी याहून बरंच गार असतं, तेव्हा हे आकडे वाढतात.

छतावर २०० लिटरचा सोलर असेल तर टब भरतो, पण मग त्या दिवशी घरातल्या बाकीच्यांनी काय करायचं? शिवाय खानापूर किंवा गोव्याच्या पावसाळ्यात ऊन दिवसेंदिवस दिसत नाही.

'घरात एक तरी टब हवाच' हा सल्ला बहुतेक अमेरिकेतल्या व्हिडिओंतून येतो. तिथे लहान मुलांना टबात आंघोळ घालायची सवय आहे आणि घरोघरी १५० ते १९० लिटरच्या टाकीत पाणी कायम गरम असतं. तिथे तो सल्ला ठीक आहे. १५ लिटरच्या गिझरवर चालणाऱ्या आपल्या घराला तो लागू पडत नाही.

दाब आणि वजन

शॉवरला दाब लागतो. टाकीपासून खाली येताना दर १० फुटांमागे साधारण ०.३ बार दाब मिळतो. रेन शॉवर नीट चालायला बहुधा १ बारच्या आसपास दाब लागतो. म्हणजे तळमजल्यावर पाणी जोरात पडेल, पण टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर नुसती धार लागेल. तिथे प्रेशर पंप घ्यावा लागतो. तो घेतला तर गिझर आणि जुने पाइप तो दाब सोसतील का हे आधी विचारावं. गंजलेले जीआय पाइप असतील तर याच कामात बदलून घ्यावेत.

टबाचा प्रश्न वजनाचा आहे. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. त्यात ७० किलोचा माणूस आणि ॲक्रिलिकच्या टबाचे ३०-४० किलो मिळवले तर ३०० किलोंच्या पुढे भार जातो, तोही ५ फूट बाय अडीच फूट जागेवर. चौरस मीटरला हा भार २६० किलोंहून जास्त होतो. भारतीय मानकात घरातल्या न्हाणीघराच्या जमिनीसाठी वापराचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. हा हिशोब पूर्ण खोलीचा असल्यानं नव्या आरसीसी इमारतीत हलका टब सहसा निभावतो. पण बीडाचा टब, त्याभोवती विटांचा कट्टा आणि जुन्या कोब्यावर नवा कोबा असं सगळं चढलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काम सुरू करू नये. लाकडी तुळयांच्या माडीवर तर टबाचा विचारच नको.

घरातली माणसं

खरा निर्णय इथे होतो. टबाची कड १८-२० इंच उंच असते. ओल्या पायानं, एका पायावर तोल सांभाळत ती ओलांडावी लागते, तीही दोनदा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला टबात बसता येतं, पण उठता येत नाही. गरम पाण्यात बराच वेळ बसल्यावर रक्तदाब उतरतो आणि एकदम उठलं की चक्कर येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका जास्त. जागा वाचवायला टबातच वर शॉवर लावतात, ती रचना तर सगळ्यात वाईट : गुळगुळीत, वक्र तळावर साबणाच्या पाण्यात उभं राहायचं. लहान मूल असेल तर टबात किंवा बादलीत थोडं पाणी असतानाही त्याला एकटं सोडू नये.

मूळव्याधीसाठी किंवा टाक्यांसाठी डॉक्टर 'कोमट पाण्याच्या टबात बसा' म्हणतात, म्हणून कुणी बाथटब बसवायला निघतात. त्याची गरज नाही. कमोडवर ठेवायचा प्लॅस्टिकचा छोटा टब औषधांच्या दुकानात मिळतो.

वयस्कर माणसांसाठी शॉवरची जागा करताना :

- जमीन बाहेरच्या फरशीच्या पातळीत ठेवावी, उंबरा नको. पाणी अडवायला ढाळ पुरतो : दर फुटाला साधारण पाव इंच.
- फरशी मॅट, खरखरीत घ्यावी. खोक्यावर आर-१० किंवा आर-११ असा घसरण-प्रतिबंधाचा दर्जा बघावा. जुन्या मोरीतली बिनपॉलिशची शहाबादी याच गुणामुळे टिकली.
- १७-१८ इंच उंचीचा पक्का कट्टा किंवा भिंतीतलं घडीचं आसन करावं. बसल्या जागी हात पुरेल असा हँड शॉवर आणि नळ ठेवावा.
- धरायच्या दांड्या ३२ ते ३६ इंचांवर, भिंतीत पक्क्या बसवाव्यात. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर फरशी लावण्याआधीच आतून आधार द्यावा.
- दार शक्य तर ३ फुटी करावं आणि बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवावं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं. कडी बाहेरूनही उघडता यावी.
- गिझरच्या लाइनीवर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी असावा.

गळती : खालच्याचं छत, वरच्याची डोकेदुखी

न्हाणीघरातल्या जाळीखालच्या ट्रॅपला भारतभर प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना शब्द ओळखीचा, पण फ्लॅटमध्ये हाच ट्रॅप सगळ्यात जास्त अडवतो. पातळीतली शॉवरची जागा करायची तर ढाळ आणि ट्रॅप मावायला खाली खोली लागते. तळमजल्यावर खणता येतं. वरच्या मजल्यावर स्लॅब खाली घेतलेला नसेल तर दोनच मार्ग उरतात. एक तर जमीन चार-सहा इंच उचलायची, म्हणजे दाराशी पायरी आलीच. नाहीतर पाइप खालच्या फ्लॅटच्या छताखालून न्यायचा, त्याला शेजाऱ्यांची संमती हवी. हे मोजमाप फरशी निवडण्याआधी करावं.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी लावण्याआधी, ट्रॅप बंद करून किमान ४८ तास पाणी साठवून ठेवावं आणि खालचं छत बघावं. ठेकेदार घाई करतो, त्याला थांबवावं. शॉवरच्या भिंतींनाही निदान ६ फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंग हवं.

टबाच्या बाबतीत गळती लपून राहते. खालचा सांधा सुटला तर पाणी कट्ट्याच्या आतच मुरतं आणि कळतं ते खालच्यांच्या छताला डाग पडल्यावर. म्हणून कट्ट्याला उघडता येणारी खिडकी ठेवायलाच हवी. पुष्कळदा गवंडी छान दिसावं म्हणून तीही फरशीनं बुजवतो, मग दुरुस्तीला सगळंच फोडावं लागतं.

शॉवरचं काचेचं दार हौसेचं आहे. घेतलं तर ८ किंवा १० मिलीमीटरची टफन्ड काच घ्यावी. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि रोज वायपर मारावा लागतो. जागा ५ फूट लांब असेल तर अर्धी भिंत किंवा साधा पडदाही पुरतो. गोव्यासारख्या दमट हवेत एक्झॉस्ट फॅन मात्र विसरू नये, नाहीतर सांध्यांत बुरशी धरते.

टब कुणी घ्यावा?

स्वतंत्र बंगला, तळमजला, दोन न्हाणीघरं, भरवशाचं पाणी आणि मोठा गरम पाण्याचा साठा, एवढं असेल आणि घरात कुणी आठवड्यातून एकदा तरी खरोखर पाण्यात पडून राहणारं असेल, तर टब जरूर घ्यावा. गोव्यात पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांनाही तो उपयोगी पडू शकतो. मात्र रोजच्या आंघोळीसाठी वेगळा शॉवर असावा. आहे तो टब काढायचा असेल तर त्याची ५ बाय अडीच फुटांची जागा शॉवरला नेमकी पुरते, भिंती हलवाव्या लागत नाहीत.

शॉवर मोठा करताना बादलीची जागा मात्र काढून टाकू नये. कर्नाटकात दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पाणी भरण्याचा सण असतो, घासलेला हंडा मोरीत पुजला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान होतं, ते पाटावर बसून, तांब्यानं. तेल-उटण्याचा चिकटा धुवायला खाली नळ आणि बसायला सपाट जागा लागते. ती जागा आजीला रोज लागते, बाळंतिणीला लागते, पाय मोडलेल्याला लागते, आणि नळाला पाणी नसेल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनाच लागते.

गवंड्याला बोलावण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला न्हाणीघरात उभं करून विचारावं : हात कुठे धरता, बसायला कुठे हवं, काय ओलांडताना भीती वाटते? त्या उत्तरांवर खडूनं खुणा कराव्यात. नकाशा तिथूनच सुरू करावा.