ओला कशी वाढली, चालकांचं गणित कुठे बिघडलं आणि बीडसाठी त्याचा अर्थ काय?

बीडहून गेवराई किंवा वडवणीला जायचं असेल आणि एसटी चुकली, तर काळी-पिवळी जीप असते. पण ती सीटं भरल्याशिवाय हलत नाही. पुण्या-मुंबईत मात्र मोबाईलवर दोन-तीन वेळा बोट टेकवलं की गाडी दारात येते. मराठवाड्यातून पुण्यात गेलेले अनेक तरुण हीच गाडी चालवतात. कुणी कर्ज काढून स्वतःची, तर कुणी दुसऱ्याची.

हा धंदा भारतात मोठा करणाऱ्या कंपन्यांपैकी एक म्हणजे ओला. तिची सुरुवात महाराष्ट्रातलीच. तो प्रवास समजून घेऊया.

ओला कशी सुरू झाली?

भाविश अगरवाल आणि अंकित भाटी हे दोघं आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. डिसेंबर 2010 मध्ये त्यांनी मुंबईत कंपनी सुरू केली. आधीची कल्पना वेगळी होती. सुट्टीच्या सहली ऑनलाईन विकायच्या होत्या. पण लोकांची खरी अडचण सहल ही नव्हती, तर खात्रीची टॅक्सी मिळणं ही होती. हे लक्षात आल्यावर कंपनी कॅब बुकिंगकडे वळली. पुढे मुख्यालय बंगळुरूला गेलं.

स्वतःच्या गाड्या नसताना कंपनी वाढली कशी?

ओलाने आधी गाड्या विकत घेऊन धंदा उभा केला नाही. गाडी चालकाची, डिझेल चालकाचं आणि हप्ताही चालकाचाच. कंपनीचं काम प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणं. त्या बदल्यात भाड्यातून कमिशन.

पण यात एक पेच असतो. गाड्या कमी असतील तर प्रवासी ॲप वापरत नाहीत, आणि प्रवासी कमी असतील तर चालक थांबत नाहीत. हा पेच सोडवायला गुंतवणूकदारांचा पैसा वापरला गेला. प्रवाशाला सवलत दिली, चालकाला ठरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्यावर बोनस दिला.

2013 मध्ये उबर भारतात आली आणि स्पर्धा तापली. ऑक्टोबर 2014 मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने ओलात 21 कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. मार्च 2015 मध्ये ओलाने टॅक्सी फॉर शुअर ही स्पर्धक कंपनी सुमारे 20 कोटी डॉलरला घेतली. रिक्षाही ॲपवर आल्या.

चालकांचं गणित कुठे बिघडलं?

सुरुवातीचा बोनस बघून अनेकांनी कर्जावर गाड्या घेतल्या. पण बोनस कायमचा नव्हता. गाड्या वाढल्या तशा एका गाडीच्या वाट्याला येणाऱ्या फेऱ्या कमी झाल्या आणि बोनसही घटला. हप्ता मात्र तेवढाच राहिला.

एक साधं उदाहरण घ्या. समजा भाडं 200 रुपये आणि कमिशन 20 टक्के. चालकाच्या हातात 160 रुपये येतात. त्यातून इंधन, देखभाल, विमा आणि प्रवाशाला घ्यायला रिकामी नेलेली गाडी, हे सगळं वजा करायचं. उरेल त्यातून हप्ता आणि घरखर्च.

मार्च 2018 मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक शहरांत ओला-उबर चालक संपावर गेले. त्यामागे हेच गणित होतं.

बाकीच्या सेवांचं काय झालं?

हातात ॲप आणि ग्राहक आहेत, तर जेवण आणि किराणाही विकू, असा ओलाचा विचार होता. 2015 मध्ये ओला कॅफे आणि ओला स्टोअर सुरू झाले. वर्षभरात दोन्ही गुंडाळले. 2017 च्या अखेरीस फूडपांडाचा भारतातला व्यवसाय घेतला, तोही टिकला नाही. झटपट किराणा देणारी ओला डॅश 2022 मध्ये बंद झाली. इलेक्ट्रिक दुचाकींची ओला इलेक्ट्रिक मात्र वेगळी कंपनी झाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये शेअर बाजारात आली.

कायदा काय सांगतो?

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा कंपन्यांना परवाना बंधनकारक झाला. केंद्राच्या नोव्हेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंतच भाडं घेता येत होतं. जुलै 2025 मध्ये ही मर्यादा दुप्पट झाली. स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान 80 टक्के वाटा मिळावा, असंही त्यात आहे.

बाजारही बदलतोय. रॅपिडोसारख्या कंपन्यांनी कमिशनऐवजी ठराविक शुल्क घ्यायला सुरुवात केली. जून 2025 मध्ये ओलानेही तोच मार्ग धरला. म्हणजे भाडं पूर्ण चालकाचं, पण फेऱ्या कमी मिळाल्या तर शुल्काचा भारही त्याच्यावरच.

बीडमध्ये काय होऊ शकतं?

ॲपची गाडी पाच मिनिटांत यायची तर ती जवळपास असावी लागते आणि तिला लगेच पुढचं भाडं मिळावं लागतं. 2011 च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यातले जवळपास 80 टक्के लोक गावांत राहतात. गावात प्रवासी सोडून गाडी रिकामी परत आली, तर तो खर्च चालकाच्या खिशातून जातो. काळी-पिवळी भरेपर्यंत थांबते त्याचं कारणही हेच आहे.

शहरात चित्र वेगळं असू शकतं. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किमान 1 लाख लोकसंख्येच्या शहरांत ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली. 2011 मध्ये बीड शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 46 हजार होती. म्हणजे जिल्ह्यातलं हे शहर त्या अटीत बसतं. परळी आणि अंबाजोगाई तेव्हा 1 लाखाच्या आत होती.

उद्या कुणी कंपनी बीडमध्ये आली किंवा पुण्यात जाऊन गाडी लावायचा विचार असेल, तर सही करण्याआधी एक हिशोब कागदावर मांडा. बोनस शून्य धरा, रिकाम्या फेऱ्यांचं इंधन धरा, आणि मग हप्ता निघतो का ते पाहा.