तळटीप 7 : कार्टरच्या ताफ्यातला पियानोवाला

7. कार्टरच्या ताफ्यातला पियानोवाला : टेडी वेदरफर्ड (1903–1945). शिकागोत 1926 मध्ये अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगबरोबर त्याने ध्वनिमुद्रण केले. त्याच वर्षी तो ड्रमवादक जॅक कार्टरबरोबर पूर्वेकडे निघाला. सिंगापूरचा मुक्काम याच दौऱ्यातला. ट्रंपेटवादक व्हलेडा स्नोही याच ताफ्यात होती. पुढे मुंबईचे ताजमहाल हॉटेल, मग कलकत्त्याचे ग्रँड. कलकत्त्यातच पटकीने मृत्यू.

‘पुन्हा निघालेली तबकडी’ म्हणजे ब्रिटनच्या हार्लेक्विनने काढलेला, भारतातल्या 1926–1944 या काळातील जॅझचा संग्रह. स्विंगच्या इतिहासांत वेदरफर्डचा उल्लेख जेमतेम येतो. पण शिकागोच्या ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’मध्ये आर्मस्ट्राँगच्या ट्रंपेटला तोडीस तोड धावणारी त्याची बोटे आजही स्पष्ट ऐकू येतात.