गिलाव्याआडची भिंत : सोलापूर परिसरातील माळवदी घरांची दुरुस्ती आणि १९९३ चा भूकंप

प्रस्तावना :

घराचा इतिहास लिहिताना बहुधा त्याच्या उभारणीचा विचार होतो, डागडुजीचा होत नाही. वाडा कोणी व केव्हा बांधला याच्या नोंदी सापडतात. मात्र त्याच वाड्याची फुगलेली भिंत कोणी उतरवून पुन्हा चढवली, किंवा ती न उतरवता तिच्यावर केवळ चुन्याचा हात कोणी फिरवला, याची नोंद क्वचितच मिळते. वस्तुतः सामान्य माणसाचे घर एकदाच बांधून पूर्ण होत नाही. ते दरवर्षी थोडे थोडे बांधले जाते. म्हणूनच दुरुस्ती आणि रंगरंगोटी हा घराच्या इतिहासाचा गौण नव्हे, तर मुख्य भाग ठरतो.

सोलापूर जिल्हा आणि त्याच्या जवळचे तुळजापूर, उमरगा, औसा हे तालुके या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. दगड-मातीच्या भिंती आणि मातीचे सपाट छप्पर असलेले माळवदी घर हे या प्रदेशाचे जुने वैशिष्ट्य होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने या घरांच्या बांधणीतील आणि दुरुस्तीतील दोष एकाच वेळी उघडे केले. प्रस्तुत लेखात हे दोष कसे निर्माण झाले, ते दुरुस्त करण्याचा प्रयत्न कसा झाला आणि त्या प्रयत्नातून काय साधले व काय राहून गेले, याचा आढावा घेतला आहे.

माळवदी घराची रचना :

या भागात पाऊस कमी आणि उन्हाळा कडक असतो. उतरत्या छपराची येथे फारशी गरज नसते; उन्हापासून संरक्षण मात्र आवश्यक असते. माळवद हे या हवामानाला दिलेले उत्तर होते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा, त्यांवर पाला-काडीचा थर आणि सर्वांत वर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी ही रचना असते. घराचे मापही खोल्यांनी न सांगता खणांनी सांगितले जाई. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. 'पाच खणांचे घर' म्हटले की घराचा आकार आणि घरमालकाची ऐपत दोन्ही समजत.

भिंती काळ्या पाषाणाच्या, मातीत रचलेल्या असत. त्यांची जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही अधिक आढळते. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही लोकांची ठाम समजूत होती. उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याचे काम ही जाडी निश्चितच करीत होती. मजबुतीच्या बाबतीत मात्र ती समजूत खरी नव्हती.

दुरुस्तीची वार्षिक रीत :

माळवदी घराला वर्षातून दोनदा हात लावावा लागे. मृग नक्षत्रापूर्वी माळवदावरील गवत उपटणे, पन्हळी मोकळ्या करणे, भेगा बुजविणे आणि नव्या मातीचा थर देऊन तो चोपणे ही पहिली दुरुस्ती. पावसाळा संपल्यावर, नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर भिंती सारविणे, पोपडे काढणे आणि चुन्याचा हात देणे ही दुसरी. माळवदाचे काम बहुधा पुरुषांकडे, तर सारवणाचे काम स्त्रियांकडे असे. त्यामुळे भिंत कोठे ओली राहते, कोठे पोकळ वाजते आणि कोठे पुढे आली आहे, याचे ज्ञान घरातील स्त्रीला अधिक असणे स्वाभाविक होते.

माळवदासाठी लागणारी पांढरी माती गावठाणातून किंवा गढीच्या पडक्या बुरुजातून आणली जाई. शेतीची जमीन ती 'काळी' आणि वस्तीची जागा ती 'पांढरी', हा मराठी ग्रामव्यवस्थेतील जुना भेद येथे शब्दशः लागू पडतो. अनेक गढ्या अशा रीतीने गावाच्या माळवदांवर चढल्या.

या रीतीत एक दोष दडलेला होता. दरवर्षी नवी माती टाकली जाई. जुनी माती मात्र खाली उतरवली जात नसे. पावसाने काही माती वाहून जाई, तरीही पिढ्यान्‌पिढ्यांत हा थर एक फुटापासून दोन फुटांपर्यंत वाढत गेला. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर दीड फूट मातीचा थर असेल आणि मातीचे वजन घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तर त्या खोलीत झोपणाऱ्यांच्या डोक्यावर आठ टनांहून अधिक भार होतो. गळती थांबविण्यासाठी केलेली प्रत्येक प्रामाणिक दुरुस्ती घराला अधिक धोकादायक करीत होती. येथे कोणाचीही हयगय नव्हती. दुरुस्ती केवळ गळतीपुरती पाहिली गेली, घराच्या एकूण भाराचा विचार तिच्यात नव्हता.

भिंतीच्या पोटातील दोष :

दुसरा दोष मात्र कारागिरीचा होता. जाड दगडी भिंत ही प्रत्यक्षात एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरचा दर्शनी थर आणि आतला थर वेगवेगळे रचले जातात आणि मधल्या जागेत दगडाचे तुकडे व माती भरली जाते. हे दोन थर एकमेकांना धरून राहावेत यासाठी ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावे लागतात. तसेच कोपऱ्यावर दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवावे लागतात. ही जुनी आणि जाणत्या गवंड्याला ठाऊक असलेली पद्धत आहे.

परंतु लांब दगड मिळविणे, घडविणे आणि उचलणे हे कष्टाचे व खर्चाचे काम आहे. भिंत एकदा पूर्ण झाली की तिच्यात असे दगड आहेत किंवा नाहीत, हे फारसे कळत नाही. जेथे कामाची मोजदाद ब्रासने होते, तेथे घट्ट रचलेला दगड आणि सैल भरलेली भर यांचा दर एकच पडतो. घरमालक दर्शनी बाजू पाहतो. तेथील दगड घडीव व दर्जा नीट भरलेल्या असल्या की तो समाधानी होतो. अशा रीतीने बांधकामातील सर्वांत महत्त्वाचे काम आणि सर्वांत सहज टाळता येणारे काम एकच ठरले.

अशा भिंतीत पावसाचे पाणी मुरले की मधली भर फुगते व बाहेरचा थर पुढे येऊ लागतो. भिंत फुगणे हा खरे तर इशारा असतो. त्यावरील उपाय म्हणजे तेवढा भाग उतरवून आरपार दगडांसह पुन्हा रचणे. प्रत्यक्षात मात्र तडा मातीने बुजवून त्यावर गिलावा व चुना देण्याची पद्धत रूढ झाली. सणापुरती भिंत स्वच्छ दिसे. रंगरंगोटीने दोष नाहीसा होत नसे. तो दिसण्याची सोय तेवढी नाहीशी होत असे.

३० सप्टेंबर १९९३ :

अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, तीन वाजून छपन्न मिनिटांच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी नोंदविली गेली. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत ती मध्यमच म्हणावी लागेल. तरीही लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत अंदाजे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. सोलापूर जिल्ह्यातील घरांनाही तडे गेले. हा प्रदेश तत्कालीन भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. २००२ च्या सुधारित मानकात पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी परिसराचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात करण्यात आला.

भूकंपानंतरच्या पाहण्यांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तेथे अनेकदा भिंती ढासळूनही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जेथे भार थेट दगडी भिंतींवर होता, तेथे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. म्हणजेच जीवितहानीचे कारण केवळ जमिनीचा धक्का हे नव्हते. बांधणीतील उणीव आणि दुरुस्तीने साठविलेला भार ही त्यामागील दोन मानवी कारणे होती.

दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम :

महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यातील ५२ गावांच्या स्थलांतराची चर्चा सर्वाधिक झाली. तथापि संख्येच्या दृष्टीने सर्वांत मोठा भाग होता तो सोलापूरसह १३ जिल्ह्यांतील, दोन लाखांच्या आसपास घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा. नुकसानीच्या प्रमाणानुसार १७,००० ते ३४,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य हप्त्यांनी देण्यात आले आणि काम घरमालकाने स्वतः करवून घ्यावे, असे धोरण ठेवण्यात आले.

सुचविलेले तांत्रिक उपाय साधे होते. माळवदावरील जादा माती काढून थर सुमारे आठ इंचांवर आणावा आणि गळती रोखण्यासाठी त्यात प्लॅस्टिकचा कागद घालावा. खांब व तुळई यांच्या जोडावर तिरपे आधार द्यावेत. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार छिद्र पाडून त्यात सळई घालावी व काँक्रीट भरावे. तसेच दारे-खिडक्यांच्या वर जाळी व सिमेंटचा पट्टा भिंतीभोवती फिरवावा. यांतील तिसरा उपाय विशेष अर्थपूर्ण आहे. मूळ गवंड्याने जो दगड बसवायचा टाळला होता, त्याची भरपाई अनेक वर्षांनंतर करण्याचाच तो प्रयत्न होता. भारतीय मानक संस्थेने १९९३ मध्येच हलक्या प्रतीच्या दगडी बांधकामासाठी आणि इमारतींच्या दुरुस्तीसाठी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली होती. ज्ञान उपलब्ध होते. ते गावातील गवंड्यापर्यंत पोहोचविणे हा खरा प्रश्न होता.

या कामी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांच्या माध्यमातून गावोगाव 'संवाद सहायक' नेमल्या. शासनाची योजना समजावून सांगणे, बांधकामाची माहिती घेणे आणि कामावर लक्ष ठेवणे ही त्यांची जबाबदारी होती. शतकानुशतके भिंती सारविणाऱ्या हातांना भिंतीच्या आतील रचनेविषयी विचारण्याचा अधिकार प्रथमच औपचारिकपणे मिळाला. कारागिरीचा दर्जा केवळ अभियंत्याच्या तपासणीने सुधारत नाही. काम चालू असताना समोर उभे राहून प्रश्न विचारणारा घरमालक लागतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

दोष दगडाचा की बांधणीचा?

असे असूनही मजबुतीकरणाचा मूळ हेतू मर्यादित प्रमाणातच साध्य झाला. बहुसंख्य कुटुंबांनी मिळालेल्या रकमेतून जुने घर मजबूत करण्याऐवजी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुने माळवद तसेच राहिले आणि त्याचा वापरही पुढे चालू राहिला. यामागील भावना समजण्यासारखी आहे. ज्या दगडाने आप्तेष्ट हिरावून नेले, त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवणे कठीण होते. गुन्हेगार म्हणून दगडाकडे बोट दाखविले गेले. बांधणीतील उणीव मात्र दुर्लक्षित राहिली.

परंतु त्याच काळ्या पाषाणाचे नळदुर्ग आणि सोलापूरचे किल्ले शतकानुशतके उभे आहेत. उलट सिमेंटची खोली केवळ सिमेंटची आहे म्हणून सुरक्षित ठरत नाही. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावे लागते. पिण्याचे पाणी टँकरने आणणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील गावांत उन्हाळ्यात हे पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न आहे. आणि बांधकामाचा हंगाम मात्र उन्हाळ्याचाच असतो. कोरड्या विटा, अपुरे पाणी आणि काळ्या मातीतच थांबलेला उथळ पाया यांमुळे नव्या भिंतींनाही तडे जातात. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नाही, तर खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारा तिरपा तडा दरवर्षी त्याच जागी पुन्हा उमटतो. आणि दरवर्षी तो पूर्वी चुन्याने, आता पुट्टी व डिस्टेंपरने झाकला जातो. साहित्य बदलले, दोष झाकण्याची सवय बदलली नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, माळवदी घरांच्या विनाशाला दगड व माती हे साहित्य जबाबदार नसून आरपार दगड टाळणारी बांधणी आणि भार वाढविणारी दुरुस्ती जबाबदार होती. दुसरी, रंगरंगोटी ही दुरुस्तीची अखेरची पायरी आहे. ती पहिली झाली की घराने दिलेला इशारा पुसला जातो. तिसरी, कारागिराची हयगय हा केवळ त्याच्या नीतीचा प्रश्न नाही. मोजदादीची पद्धत, पाण्याची टंचाई आणि घरमालकाचे अज्ञान यांतून ती घडते. म्हणूनच तिच्यावरील उपायही या तिन्ही ठिकाणी शोधावा लागतो.

सोलापूर परिसरातील जुन्या गावठाणांत आजही माळवदी घरे नांदती आहेत. नवी माती टाकण्यापूर्वी जुनी उतरवावी आणि चुना लावण्यापूर्वी भिंतीवर थाप मारून पाहावी, एवढे साधे शहाणपण १९९३ मधील त्या पहाटेने फार मोठी किंमत घेऊन शिकविले. ते शहाणपण सरकारी अहवालांत राहिले, तेवढेच ते गवंड्याच्या थापीत आणि घरच्या माणसाच्या नजरेत उतरले काय, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दर्शनी भिंतीबरोबरच गिलाव्याआडच्या भिंतीकडेही पाहणे म्हणूनच गरजेचे आहे.