होडीच्या तळाची राखण

लाकडी होडी समुद्रात उतरली की थोड्याच वेळात तिच्या तळावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यावर शेवाळ धरते, मग टणक कवचाचे बार्नेकल आणि कालवे चिकटतात. तळ खडबडीत झाला की होडी जड चालते. खरा घात मात्र जहाजकीड करते. ही शिंपल्याच्या कुळातली. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून ती पिल्लू असतानाच लाकडात शिरते आणि आतच वाढते. फळी बाहेरून शाबूत दिसते, आत पोकळ झालेली असते.

वरळी किल्ल्याच्या पायथ्याच्या कोळीवाड्यासारख्या वस्त्यांना या शत्रूंविरुद्ध मोठे बळ दिले ते भरती-ओहोटीने. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी साडेतीन मीटरहून अधिक चढते-उतरते. भरतीला काठाशी आणलेली होडी ओहोटीला कोरडी पडते आणि पुढच्या भरतीपर्यंत तळ खरवडायला वेळ मिळतो. किनाऱ्यावरच्या जुन्या रीतीत तळाखाली पेंढा पेटवून लाकूड शेकत, सांध्यांत कापूस ठासत आणि वरून चुना व तेलाचा लेप देत. मुशीच्या यकृताचे तेलही लाकडाला चोळत. पावसाळ्यात होड्या ओढून काठावर घेत, झापांनी शाकारत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटत. मासेमारी थांबण्याचे कारण वादळी समुद्र हे होते; पण कोरड्यावर काढलेल्या त्या महिन्यांत लाकडातली कीडही मरे. ही राखण कुठल्याही लेपापेक्षा मोलाची होती.

मोठ्या जहाजांना असे काठावर ओढणे परवडत नसे. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. कीड थांबली, पण खाऱ्या पाण्यात तांब्याच्या सान्निध्याने लोखंडी खिळे झिजले. पुढे तांबेमिश्रित धातूचे खिळे आले. राखलेले लाकडी जहाज किती टिकते याचा दाखला मुंबईचाच आहे: इथल्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी घराण्याने सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि आजही इंग्लंडमध्ये तरंगते आहे.

विसाव्या शतकात पत्र्यांची जागा विषारी रंगांनी घेतली. त्यांपैकी कथिलयुक्त ट्रायब्युटिलटिन सर्वांत प्रभावी आणि सर्वांत घातक ठरले. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात त्याने कालवांची शेतीच बुडवली. वरळीच्या खडकांवर कालवे काढणाऱ्या कोळणींच्या दृष्टीने पाहिले तर हा इलाज रोगाहून वाईट होता. २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये अमलात आला आणि अशा रंगांवर बंदी आली. तांब्याचे रंग उरले.

आता फायबरच्या होड्या आल्या. जहाजकिडीला त्यांत खाण्यासारखे काही नाही, पण बार्नेकल आणि शेवाळ त्यांनाही धरते. त्यामुळे इंधन जास्त जळते आणि तळ खरवडण्याचे काम चालूच राहते.