कामगार आत, कुटुंब बाहेर

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा युरोपातील अनेक शहरे ढिगाऱ्याखाली गेली होती आणि तरुण पिढीतील लाखो माणसे रणांगणावर कामी आली होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच शहरांतून कारखान्यांची धुराडी पुन्हा पेटली. घरे, रस्ते, बोगदे, धरणे यांची कामे निघाली आणि पश्चिम युरोपातील राष्ट्रांना कामकऱ्यांचा तुटवडा भासू लागला. इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस, तुर्कस्तान, अल्जिरिया येथून माणसे निघाली. भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीजमधली माणसे ब्रिटनकडे वळली. हा इतिहास बहुधा आकड्यांच्या भाषेत सांगितला जातो. आम्ही तो एका वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. कामगाराला परवाना तर सर्वांनीच दिला. पण त्याची पत्नी व मुले दाराशी येऊन उभी राहिली, तेव्हा कोणत्या देशाच्या कायद्याने त्यांना काय उत्तर दिले?

पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी स्थलांतरितांविषयी जे प्रेषितीय शासनपत्र काढले, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'परागंदा कुटुंब' असा आहे. हेरोदाच्या भयाने मिसर देशी पळून गेलेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हा प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाचा आदर्श, असे त्यात म्हटले आहे. त्याच सुमारास युरोपातील सरकारी कचेऱ्यांत जे नियम लिहिले जात होते, त्यांत मात्र योसेफाला प्रवेश होता. मरिया आणि बाळ यांनी थांबायचे होते.

स्वित्झर्लंडचे उत्तर सर्वांत स्पष्ट आणि आमच्या मते सर्वांत कठोर होते. परकीयांच्या वास्तव्यासंबंधीचा तेथील कायदा १९३१ सालचा. देशात परक्यांचा भार फार होऊ नये ही चिंता त्याच्या मुळाशी होती. या कायद्याखाली हंगामी कामगाराला जो परवाना मिळे, त्याची मुदत वर्षाकाठी जास्तीत जास्त नऊ महिने. हंगाम संपला की त्याने मायदेशी परतावे आणि पुढल्या वर्षी पुन्हा यावे. मध्येच मालक बदलायचा नाही, आणि कुटुंब आणायचे नाही. १९४८ साली इटलीशी करार झाल्यावर हजारो इटालियन गवंडी व मजूर आगगाडीने येऊ लागले. ब्रिग आणि कियासो या सरहद्दीवरील स्थानकांत त्यांची आरोग्य तपासणी होई आणि मग त्यांची रवानगी बराकींत केली जाई. 'हंगामी' हा शब्द येथे फसवा आहे. तोच माणूस वर्षानुवर्षे त्याच बांधकामावर येत असे. हंगाम काय तो कागदावर होता.

कायद्याने कुटुंब नाकारले म्हणून कुटुंब नाहीसे झाले नाही. कित्येक आईबापांनी मुलांना चोरून आणले. आईवडील कामावर गेले की ही मुले दिवसभर खोलीत कोंडलेली असत. रडायचे नाही, खिडकीशी जायचे नाही, जिन्यावर पाऊल वाजले तर कपाटात लपायचे, अशी त्यांना ताकीद असे. स्वित्झर्लंडमध्ये आज त्यांना 'कपाटातली मुले' म्हणून ओळखतात. त्यांतली काही आता सत्तरीला आली आहेत आणि आपल्या आठवणी उघडपणे सांगू लागली आहेत. ज्यांना वार्षिक परवाना होता, त्यांना कुटुंब आणण्यासाठी ठरावीक काळ थांबावे लागे; १९६४ च्या नव्या करारान्वये ही प्रतीक्षा अठरा महिन्यांवर आली. तेवढ्यानेही तेथील लोकमत बिथरले. परकीयांचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणावे, अशी मागणी जेम्स श्वार्झेनबाख या खासदाराने केली आणि ७ जून १९७० रोजी तिच्यावर सार्वमत झाले. ५४ विरुद्ध ४६ टक्के मतांनी ती फेटाळली गेली. मतदान केवळ पुरुषांनी केले, कारण संघराज्याच्या निवडणुकांत स्विस स्त्रियांना तोवर मताधिकार नव्हता. हंगामी परवान्याची पद्धत बंद होण्यास पुढे २००२ साल उजाडावे लागले. आखातात नोकरीस असलेल्या आपल्या धर्मग्रामातील मंडळींना यात थोडी ओळखीची खूण दिसेल. तेथील अनेक देशांतही पगार ठरावीक रकमेच्या वर गेल्याखेरीज कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही.

पश्चिम जर्मनीने आपल्या परदेशी कामगारांना 'पाहुणे कामगार' असे गोड नाव दिले. इटलीशी १९५५ साली, स्पेन व ग्रीसशी १९६० साली, तुर्कस्तानशी १९६१ साली आणि पोर्तुगालशी १९६४ साली करार झाले. तुर्कस्तानच्या करारात कुटुंबाचा विषयच नव्हता. प्रथम तर दोन वर्षांनी माणूस परत पाठवायचा, असा बेत होता. शिकवून तयार केलेला गडी परत पाठवणे कारखानदारांना परवडेना, म्हणून ती अट १९६४ साली गळाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कोलोनच्या स्थानकावर दहा लाखाव्या पाहुण्याचे स्वागत झाले. आर्मांदो रॉड्रिग्ज द सा हा पोर्तुगीज सुतार. ध्वनिक्षेपकावर आपले नाव ऐकून, आपल्याला परत पाठवतात की काय, या भीतीने तो गांगरला. पण त्याला फुले आणि एक मोपेड भेट मिळाली. त्याचे छायाचित्र जर्मनीच्या शालेय पुस्तकांतही गेले. त्याची पत्नी व दोन मुले मात्र पोर्तुगालातच राहिली. पुढे तो आजारी पडून गावी परतला. आपल्याला आजारपणाच्या विम्याचा हक्क आहे हे त्याला ठाऊक नव्हते. साठवलेला पैसा औषधोपचारांत गेला आणि १९७९ साली तो वारला. मोपेड आता बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलाचे संकट उभे राहताच, जर्मनीने भरती थांबवली. तेव्हा तेथे सुमारे २६ लाख परदेशी कामगार होते. दार बंद केले म्हणजे संख्या घटेल, असा हिशेब होता. घडले उलटेच. इटालियन कामगार युरोपीय आर्थिक समुदायाचा नागरिक होता. आज गेला तरी उद्या परत येऊ शकत होता, म्हणून तो निर्धास्तपणे घरी गेला. तुर्की कामगाराला ठाऊक होते की, एकदा उंबरठा ओलांडला की परत पाऊल टाकता यायचे नाही. तो गेला नाही. त्याने बायकोमुलांना बोलावून घेतले. १९७५ पासून मायदेशी राहणाऱ्या मुलांचा बालभत्ता कमी झाल्यामुळे या ओघाला आणखी जोर आला. कामगार घटले, पण परदेशी लोकसंख्या १९७३ मधल्या सुमारे ४० लाखांवरून १९८० पर्यंत ४४ लाखांवर गेली. १९८३ साली सरकारने, मायदेशी परतणाऱ्याला १०,५०० मार्क आणि प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क देऊ केले. मुलांचा असा भाव काढलेला आम्हाला तरी दुसऱ्या कायद्यात आढळला नाही. या मुलांपैकी कित्येकांचा जन्म जर्मनीतलाच. तरीही १९१३ च्या कायद्याप्रमाणे नागरिकत्व रक्तावर ठरत असल्याने ती परकीयच होती. तो नियम २००० साली सैल झाला.

फ्रान्सची दृष्टी आरंभी निराळी होती. जन्मदर घटलेल्या त्या देशाला नुसते मजूर नको होते. माणसे हवी होती. १८८९ पासून, तेथे जन्मलेल्या परकीयांच्या मुलांना मोठेपणी नागरिकत्व मिळण्याची वाट खुली होती. १९४५ च्या अध्यादेशाने कुटुंबाच्या येण्याला जागा ठेवली. व्यवहारात मात्र बहुतेक जण आधी येत आणि कागद मागाहून होत. सालाझारच्या राजवटीतून पोर्तुगीज तरुण पिरेनीज पर्वत ओलांडून चोरवाटेने येत, तेव्हा एक छायाचित्र मधोमध फाडले जाई. एक तुकडा घरी राही, दुसरा प्रवासी नेई. त्याचा तुकडा टपालाने गावी आला की, तो सुखरूप पोहोचला असे समजून वाटाड्याचे उरलेले पैसे चुकते होत. १९७५ च्या जनगणनेत फ्रान्समध्ये साडेसात लाखांहून अधिक पोर्तुगीज मोजले गेले.

फ्रान्सनेही जुलै १९७४ मध्ये भरती थांबवली. नोव्हेंबर १९७७ मध्ये सरकारने फर्मान काढले की, नोकरी न करण्याचे कबूल करील त्याच कुटुंबीयाने यावे. प्रकरण तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापुढे गेले. ८ डिसेंबर १९७८ रोजी न्यायालयाने ते फर्मान रद्द ठरवले: सर्वसामान्य कौटुंबिक जीवन जगण्याचा हक्क फ्रेंच नागरिकाप्रमाणे रीतसर राहणाऱ्या परकीयालाही आहे. या संपूर्ण इतिहासात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला कागद हाच.

ब्रिटनची गोष्ट आणखी वेगळी. तेथे येणारे १९४८ च्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होते. १९६२ च्या कायद्याने त्यांच्यावर प्रथम बंधन आले, तरी पत्नी आणि सोळा वर्षांखालील मुले यांना वाट होती. १९६८ साली केनियातील आशियाई लोक येऊ लागताच अवघ्या तीन दिवसांत दुसरा कायदा संमत झाला आणि हाती ब्रिटिश पासपोर्ट असूनही, बाप किंवा आजा ब्रिटनचा नसेल तर प्रवेशाचा हक्क उरला नाही. पुढे संशयाचे लक्ष्य विवाहच झाला. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर आपल्या वाग्दत्त वराकडे आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे ठरवण्यासाठी, कौमार्य-तपासणी करण्यात आली. बातमी फुटल्यावर ही प्रथा थांबवावी लागली. पतीला बोलावू न शकलेल्या तीन स्त्रियांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात धाव घेतली. १९८५ साली, हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे, असा निकाल त्यांना मिळाला. सरकारने तो पाळला कसा? पतींची वाट मोकळी करण्याऐवजी तीच बंधने पत्नींवरही घालून! आपल्या विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणे हा नाही, हे जोडप्याला १९९७ पर्यंत सिद्ध करावे लागे. विवाहापूर्वी वधूवरांची चौकशी आम्हीही करतो. पण मनातला हेतू अमुक नव्हता, याचा पुरावा आणा, असे कोणा वराला सांगण्याची आमची छाती नाही.

जुलै २०१२ पासून हेतूची जागा पैशाने घेतली. परदेशी पतीला किंवा पत्नीला बोलावण्यासाठी ब्रिटनमधील व्यक्तीचे उत्पन्न वर्षाला १८,६०० पौंड हवे. एप्रिल २०२४ मध्ये तो आकडा २९,००० झाला. आणि येथे गोव्याचा संबंध येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना, तसेच त्यांच्या मुलांनातवंडांना, पोर्तुगाल आपले नागरिकत्व देतो. आमचे तरुण कधी विचारतात, "फादर, आपली नावेही परेरा, लोपीस, डिमेलो; मग आपल्याला तो पासपोर्ट का नाही?" कारण वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली, नाव राहिले, राज्य गेले. ज्या गोवेकरांनी भारतीय नागरिकत्व सोडून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, त्यांतले हजारो लोक युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या नियमाने स्विंडनसारख्या ब्रिटिश शहरांत गेले. त्यांच्या भारतीय पासपोर्टधारक पत्नीला उत्पन्नाची ही अट लागू नव्हती. शेजारी राहणाऱ्या, जन्माने ब्रिटिश असलेल्या माणसाला मात्र ती लागू होती! एकाच गल्लीत दोन घरे, दोन कायदे.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचार संपला. तोवर तेथे राहून वास्तव्याचा दर्जा मिळवलेल्या गोवेकराची पत्नी आजही जुन्या सवलतीने जाऊ शकते; मात्र विवाह त्या तारखेपूर्वी झालेला असला पाहिजे. नंतर झालेल्या विवाहाला २९,००० पौंडांचा नियम लागतो.