दादीला फोटोतून वेगळं काढताना

२०२२ च्या जुलैत कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा घरातली लोखंडी पेटी भिजली. पेटीत दादीचा एकुलता एक फोटो होता. एका लग्नातला, दहा-बारा जणांचा. आम्ही तो वाळवून स्कॅन केला. चुलतभाऊ म्हणाला, "भाईजान, यातून दादीला तेवढं काढून द्या. फ्रेम करू."

काढायचं म्हणजे आधी निवडायचं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी जादूची कांडी आहे. एका ठिपक्यावर क्लिक केलं, की त्याच्या रंगाशी जुळणारे लगतचे ठिपके ती गोळा करते. किती फरक चालेल याचा आकडा आपण द्यायचा. मुळात तो ३२ असतो. दादीचा बुरखा काळा, मागचं दारही अंधारं. क्लिक केलं तर दादीसकट दार आलं. आकडा उतरवला तर नुसती बाही आली. कांडीला माणूस कळत नाही, रंग कळतो.

ही कापाकापी संगणकाच्या आधीची आहे. निगेटिव्हवर ब्रशने रंग भरून नको तो भाग झाकत. छापखान्यात ब्लेडने लाल फिल्म कापत, कारण छपाईच्या फिल्मला लाल म्हणजे काळंच. सोव्हिएत रशियात तर माणसंच गाळली. येझोव्हला १९४० मध्ये गोळी घातली आणि मॉस्को कालव्याकाठच्या फोटोत स्टालिनशेजारी त्याच्या जागी नुसतं पाणी उरलं. पुढे १९८४ च्या मॅकपेंटमध्ये माऊसने हवा तो आकार वेढणारा फास आला. १९९० च्या फेब्रुवारीत नोल बंधूंचं फोटोशॉप निघालं, त्यात फास होता आणि कांडीही.

आपल्या बायकांचे जुने फोटो मुळातच थोडे. कुरुंदा ज्या निजामी राज्यात होतं, त्याच्या राजधानीत राजा दीनदयाळांनी १८९२ मध्ये पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता. फोटो काढणारीही बाईच. पण ती सोय हवेल्यांची. आमच्या दादीपर्यंत कॅमेरा आला तो लग्नाच्या गर्दीतच.

शेवटी फास घेतला. दोन संध्याकाळी पडदा मोठा करकरून बुरख्याच्या कडेने माऊस फिरवला. खांद्यापाशी अडलो. तिथे चार बोटं होती, शेजारच्या बाईची. बाई कापली की बोटं तेवढी खांद्यावर राहत होती. भाऊ म्हणाला, "बुरख्याचा काळा तुकडा उचलून वर चिकटवा. कुणाला कळतंय?" खरंच कळलं नसतं. पाच मिनिटांचं काम.

अम्मीला फोटो दाखवला. तिने चष्मा वर केला. "ही दाई. तुझे अब्बा हिच्याच हातावर झाले. दादी तिला सोडून फोटोला उभी राहीना."

दुसऱ्या दिवशी फास पुन्हा टाकला, दोघींभोवती. भाऊ अजून थोडा नाराज आहे. फ्रेम त्यानेच लावली, पण आतल्या खोलीत.