कीलेस स्पोर्ट्स कार रात्री चोरीला जाते कशी? आणि ती वाचवायची कशी?

काच फुटलेली नाही, अलार्म वाजलेला नाही, चावी घरातच आहे आणि सकाळी गाडी मात्र जागेवर नाही. कीलेस एंट्री असलेल्या गाड्या बऱ्याचदा अशाच जातात. स्पोर्ट्स कारला धोका आणखी जास्त, कारण ती दिसली म्हणून कोणी उचलत नाही. ती हवी असते म्हणून चोर तयारीनिशी येतो.

अमेरिकेतल्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये विमा दाव्यांची आकडेवारी दिली. त्यात २०२० ते २०२२ मॉडेलच्या गाड्यांपैकी डॉज चार्जर एसआरटी हेलकॅट पूर्ण चोरीला जाण्याचे दावे सरासरीच्या ६० पटींहून जास्त होते. ७०० हून जास्त हॉर्सपॉवरची गाडी, आणि मालकाच्या दारातूनच गायब!

या लेखात आपण दोन गोष्टी पाहू. चोर नेमकी कोणती फट वापरतो, आणि कोणता उपाय कोणती फट बुजवतो. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, कारण एकच उपाय सगळ्या वाटा बंद करत नाही.

चावी आणि गाडी एकमेकांशी काय बोलतात?

कीलेस गाडीत चावी खिशातच राहते. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी १२० ते १३५ किलोहर्ट्झच्या आसपास एक छोटा सिग्नल सोडते. हा सिग्नल एक-दोन मीटरच्या पुढे फारसा जात नाही. चावीला तो मिळाला की ती जास्त फ्रिक्वेन्सीवर, बऱ्याचदा ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर, उत्तर देते. गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते आणि चावी तिच्याकडच्या गुप्त कोडने त्याचं उत्तर काढते. उत्तर जुळलं की दार उघडतं. इंजिन सुरू करतानाही पुन्हा अशीच तपासणी होते.

म्हणजे कालचं उत्तर रेकॉर्ड करून आज वापरता येत नाही. मग अडचण कुठे आहे? गाडी "उत्तर बरोबर आहे का" एवढंच बघते. "उत्तर किती लांबून आलं" हे जुन्या पद्धतीच्या कीलेस सिस्टिमला कळतच नाही. सिग्नल कमी अंतर जातो, त्यामुळे चावी जवळच असणार, असं ती गृहीत धरते.

रिले अटॅक म्हणजे काय?

ओटीपीचं उदाहरण घ्या. बँकेने तुम्हाला ओटीपी पाठवला, तो अगदी सुरक्षित. पण कोणीतरी फोनवर गोड बोलून तो तुमच्याकडून ऐकून घेतला आणि तिकडे टाकला, तर बँकेच्या दृष्टीने ओटीपी बरोबरच आहे. कोणी काही हॅक केलं नाही, फक्त निरोप इकडून तिकडे पोचवला.

रिले अटॅक हाच प्रकार आहे. एक चोर गाडीजवळ असतो, दुसरा घराच्या दाराशी किंवा खिडकीशी. दोघांकडची यंत्रं गाडीचा सिग्नल घरातल्या चावीपर्यंत आणि चावीचं उत्तर गाडीपर्यंत नेतात. गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे. एकदा इंजिन सुरू झालं की चावी लांब गेली तरी ते बंद होत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण भर हायवेवर चावीची बॅटरी संपली म्हणून इंजिन बंद पडलं तर जीवावर बेतेल. गाडी फार तर वॉर्निंग देते. तीच सोय चोराच्या कामी येते.

ही कमजोरी नवी नाही. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेल्स तपासली आणि सगळ्यांवर हा प्रयोग यशस्वी झाला. सर्वसामान्यांपर्यंत ही गोष्ट पोचली ती २०१७ मध्ये, इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी एका मर्सिडीजच्या चोरीचं सीसीटीव्ही फुटेज जाहीर केलं तेव्हा. सगळं काम साधारण एका मिनिटात आटोपलं होतं.

रिले सोडून आणखी तीन वाटा

१. चावीची कॉपी. २०१८ मध्ये बेल्जियमच्या केयू ल्युवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी टेस्ला मॉडेल एसच्या चावीची इलेक्ट्रॉनिक नक्कल काही सेकंदांत करून दाखवली. चावीतलं एन्क्रिप्शन फक्त ४० बिटचं होतं. चावी बनवणारी कंपनी मॅकलारेनसारख्या ब्रँडलाही तीच टेक्नॉलॉजी पुरवत होती. म्हणजे गाडी कितीही महाग असली तरी चावीचं कुलूप स्वस्तातलं असू शकतं.

२. नवी चावी प्रोग्रॅम करणं. चोर आत शिरतो, डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडतो आणि गाडीला नवी चावी ओळखायला लावतो. हा पोर्ट मेकॅनिकला दोष शोधण्यासाठी असतो.

३. कॅन इंजेक्शन. गाडीतले छोटे कॉम्प्युटर कॅन बस नावाच्या वायरिंगवरून एकमेकांशी बोलतात आणि अनेक गाड्यांत ते एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका सायबर सुरक्षा संशोधकाची स्वतःचीच टोयोटा चोरीला गेली. त्याने मागोवा घेतला, तेव्हा कळलं की चोरांनी हेडलाइटच्या बाजूने त्या वायरिंगला हात घातला होता. वापरलेलं यंत्र तर ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जात होतं.

या तीनही प्रकारांत तुमच्या घरातल्या चावीचा सिग्नल गाडीपाशी आणायची गरज नाही. म्हणून "मी चावी पाउचमध्ये ठेवतो, आता निवांत" हे अर्धंच खरं आहे.

कंपन्यांनी काय केलं?

झोपणारी चावी. चावीत मोशन सेन्सर असतो. चावी काही वेळ हलली नाही की ती उत्तर देणं बंद करते. फोर्डने २०१९ मध्ये युरोपात आणलेली चावी ४० सेकंद स्थिर राहिली की झोपायची.

अल्ट्रा वाइडबँड. यात रेडिओ सिग्नलला जायला-यायला किती वेळ लागला ते मोजून खरं अंतर काढलं जातं. मधल्या निरोप्यामुळे उशीर झाला की तो पकडला जातो. रिलेवरचं मुळातलं औषध हेच.

पिन. टेस्लाने २०१८ मध्ये 'पिन टू ड्राइव्ह' दिलं. चावी असली तरी स्क्रीनवर पिन टाकल्याशिवाय गाडी हलत नाही. डॉजने २०२१ मध्ये चार्जर आणि चॅलेंजरच्या मोठ्या इंजिनवाल्या मॉडेल्ससाठी अपडेट जाहीर केलं. चार अंकी पिन टाकला नाही तर इंजिन सुरू होतं, पण ६७५ आरपीएमच्या वर जात नाही आणि ताकद मिळते ३ हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. हेलकॅट घेऊन पळणाऱ्याला मोपेडच्या वेगाची स्वप्नं पाहावी लागतात!

पण लक्षात घ्या, ही फीचर्स प्रत्येक गाडीत नसतात, आणि असली तरी बऱ्याचदा सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावी लागतात. अपडेट आलेलं असून बसवलंच नाही, तर त्याचा काही उपयोग नाही. फोनच्या बाबतीत आपण जे करतो तेच इथेही करा.

रात्री तुम्ही काय करायचं?

१. चावी सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये ठेवा. याला फॅराडे पाउच म्हणतात. आतल्या धातूच्या अस्तरामुळे रेडिओ लहरी आत-बाहेर जात नाहीत. विकत घेतल्यावर चाचणी करा. चावी पाउचमध्ये घालून गाडीच्या अगदी जवळ जा आणि हँडल ओढा. दार उघडलं तर पाउच निकामी. अस्तर घड्यांवर झिजतं, म्हणून ही चाचणी दर महिन्याला करा. आणि कपाटातली दुसरी चावीसुद्धा पाउचमध्येच हवी! चावी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या फंदात पडू नका. कोणी चुकून तो सुरू केला तर चावीही जाईल आणि मायक्रोवेव्हही.

२. कीलेस बंद करता येतं का ते पाहा. अनेक गाड्यांत सेटिंगमधून किंवा सर्व्हिस सेंटरमधून ते बंद करता येतं. एक बटण दाबायचे कष्ट वाढतात, पण रिलेची वाट बरीचशी बंद होते.

३. पिनची सोय असेल तर आजच सुरू करा. नसेल तर चांगल्या कंपनीचा पिनवाला इमोबिलायझर बसवता येतो. मात्र काम जाणकाराकडूनच करून घ्या आणि आधी वॉरंटी तपासा.

४. स्टीअरिंगला लोखंडी लॉक लावा. हा उपाय जुनाट दिसतो, पण वरच्या चारही वाटांनी आलेल्या चोराला तो आडवा येतो, कारण लोखंडाला सॉफ्टवेअर कळत नाही. तो कापता येत नाही असं नाही. कापायला वेळ लागतो आणि आवाज होतो, आणि रात्री दोन वाजता चोराला याच दोन गोष्टी नको असतात. लॉक भडक रंगाचा घ्या, म्हणजे तो बाहेरूनच दिसेल.

५. गाडी लावायची जागा विचार करून निवडा. बंद गॅरेज सगळ्यात उत्तम. ते नसेल तर भिंतीला नाक लावून उभी करा आणि घरात दुसरी साधी गाडी असेल तर ती मागे आडवी लावा. स्पोर्ट्स कार थेट टो ट्रकवर चढवूनही नेली जाते. गाडी तिरकी झाली की वाजणारा टिल्ट सेन्सर असलेला अलार्म तिथे उपयोगी पडतो.

६. ट्रॅकर बसवा, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी परत मिळण्याची शक्यता वाढवतो. जीपीएस आणि मोबाइल नेटवर्कवर चालणारा ट्रॅकर जॅमरने गप्प करता येतो. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये रेंज नसेल तर अलर्टसुद्धा येणार नाही, त्यामुळे गाडी रोजच्या जागी लावून ॲपमध्ये लोकेशन दिसतं का ते आधी बघा. एअरटॅग स्वस्त आहे, पण कोणावर लपून नजर ठेवली जाऊ नये म्हणून तो अनोळखी माणसाच्या फोनवर सूचना पाठवतो. म्हणजे चोरालाही कळतं. जोडीला ठेवा, एकट्याच्या भरवशावर राहू नका.

७. फोनही आता चावीच आहे. गाडीच्या ॲपने दार उघडत असेल तर त्या अकाउंटचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि टू फॅक्टर व्हेरिफिकेशन सुरू करा. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचं अकाउंट काढून टाका. आणि रील टाकताना घर, गेट, नंबर प्लेट आणि लोकेशन एकाच व्हिडिओत नको. चोराची अर्धी मेहनत आपणच कशाला करायची?

चावी घरात कुठे ठेवायची?

दाराजवळच्या खुंटीवर चावी अडकवायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच असते. कीलेस चावीसाठी ती सगळ्यात वाईट जागा, कारण चोराचं यंत्र दाराशीच येतं. पण दुसरं टोकही गाठू नका. इलेक्ट्रॉनिक वाट बंद झाली की काही चोर चावीसाठी थेट घरात घुसतात. उशीखाली चावी असेल तर ते बेडरूमपर्यंत येणार. म्हणून पाउचमधली चावी दार-खिडकीपासून लांब, पण झोपायच्या खोलीच्या बाहेर ठेवा.

रात्री गाडीपाशी कोणी दिसलं तर खाली धावू नका. दिवे लावा, आवाज करा आणि भारतात ११२ वर फोन करा. ट्रॅकरवर गाडी दिसत असली तरी लोकेशन पोलिसांना द्या, एकटे मागे जाऊ नका. गाडीचा विमा असतो, जीवाला दुसरा जीव नसतो.

भारतातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी

पुश बटण स्टार्ट आता आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांतही आलं आहे, त्यामुळे वरचं जवळपास सगळं तुमच्या एसयूव्हीलाही लागू पडतं. बाहेरच्या ॲक्सेसरीजच्या दुकानातून पुश स्टार्ट किट बसवणार असाल तर सावध राहा. काही किटमध्ये कंपनीचा इमोबिलायझर बायपास केला जातो, म्हणजे सोय विकत घेताना सुरक्षा काढून टाकली जाते.

दुसरी गोष्ट विम्याची. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत चोरीचे पैसे मिळत नाहीत, ओन डॅमेज कव्हर लागतं. त्यातही भरपाई मिळते ती आयडीव्हीइतकी, शोरूमच्या किमतीइतकी नाही. हा फरक भरून काढायला रिटर्न टू इनव्हॉइस हे ॲड ऑन असतं. दाव्याच्या वेळी विमा कंपन्या दोन्ही चाव्या मागतात, म्हणून एक हरवली असेल तर ती आत्ताच सर्व्हिस सेंटरला सांगून रद्द करून घ्या. चोरी झालीच तर आधी लगेच एफआयआर, मग त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं, हा क्रम पाळा.

सगळं एकदम जमणार नसेल तर आज रात्रीपुरतं एवढं करा: दोन्ही चाव्या पाउचमध्ये, पिन सुरू, स्टीअरिंगला लॉक. पहिला उपाय चावीचं तोंड बंद करतो, दुसरा सॉफ्टवेअरमधून आलेल्याला अडवतो आणि तिसरा उरलेल्यांचा वेळ खातो.